एथिक्सची फाइल आणि भांगलणीचे दिवस

पब्लिक हेल्थच्या पदवीला आरोग्य संवर्धन आणि शिक्षण हा विषय घेताय? अभ्यास झेपतो. आरोग्य संवर्धनावरचा ओटावाचा १९८६चा जाहीरनामा, वर्तनबदलाची मॉडेलं, बायोस्टॅटची म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्राची गणितं, सगळं रेटत रेटत होऊन जातं. माणूस अडकतो तो प्रबंधाला, माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या दारात.

माझा विषय कर्नाटकच्या सीमाभागातल्या, निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या बायकांचा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दिवसभर त्याची धूळ नाकातोंडात. त्यांना ‘तोंडाला फडकं बांधा’ एवढं सांगून येणं म्हणजे आरोग्य शिक्षण नव्हे. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. ज्यानं हात मंदावतो ते कोण करेल? माहिती आणि परिस्थिती यांतली ही दरी मला मांडायची होती.

नुसते प्रश्न विचारायचे असले तरी मंजुरी लागते, आणि ती लागावीच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे समितीत ७ ते १५ जण असतात, त्यात कायद्याचा जाणकार आणि एखादा सामान्य नागरिकही. कागदावर फार छान. प्रत्यक्षात संस्थेबाहेरचा सदस्य आला नाही की कोरम (गणसंख्या) नाही, कोरम नाही की बैठक पुढे. टेबलावरच्या साहेबांना विचारलं की “नाळे बर्री,” म्हणजे उद्या या. उद्या गेलं की परत तेच.

बैठक झाली तर संमतीपत्र परत आलं. मराठीबरोबर कन्नडही जोडा. माझ्या गल्ल्यांमधल्या सगळ्या बायका मराठी बोलणाऱ्या! पण गाइड मॅडम म्हणाल्या, “वाद घालू नको, जोड.” जोडलं. मग भाषांतर बरोबर असल्याचा दाखला हवा. तो दिला, तर अंगठा लावणाऱ्या बाईसाठी त्रयस्थ साक्षीदाराची सही कुठे घ्यायची ते लिहा. ही शेवटची सूचना रास्त होती, मान्य. पण एकदाच सगळं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? एकेका शेऱ्यासाठी पुढच्या बैठकीची वाट. तोवर पाऊस लागला, बायका शेतात भांगलणीला, तण काढायला जाऊ लागल्या आणि दुपारी घराघरांना कुलपं.

म्हणून विषय ठरताक्षणी पुढच्या बैठकीची तारीख आणि अर्ज घेण्याची शेवटची तारीख विचारून ठेवा. अर्ज दिल्याची पोच शिक्क्यासह घ्या, तोंडी शब्दावर राहू नका. प्रश्नावली आधी दोन-चार ओळखीच्या मावशींना वाचून दाखवा म्हणणार होते, पण तेही मंजुरीनंतरच.

मंजुरीचं पत्र हातात पडलं तेव्हा मी त्या जिन्यातच आईला फोन लावला. मुलाखती मग रात्री जेवणं उरकल्यावर घेतल्या. सूप तेव्हाही मांडीवरच होतं.

आणि हो, घाईला येऊन आधी मुलाखती उरकू नका. झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मिळत नाही.