आईला घेऊन ग्रुप टूरनं का गेलीस?

हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच लिहून टाकते. विचारणारे बहुतेक माझ्या वयाचे. सूर साधारण असा, की तू एवढी फिरतेस, हॉटेलं बुक करता येतात, नकाशा वाचता येतो, मग चाळीस जणांच्या बसमधून इटली कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण आधी सिंगापूरचं सांगावं लागेल.

तीन वर्षांपूर्वी आईला सिंगापूरला मी एकटीनं नेलं होतं. सगळं माझं नियोजन, कुठंही चूक नाही. तिसऱ्या दिवशी ती हॉटेलच्या खिडकीत बसून म्हणाली, "सगळं झकास आहे गं. पण बोलायला माणूस न्हाई." मी होते की! पण मी म्हणजे सतत फोनमध्ये डोकं घालून पुढची बस शोधणारी बाई. तिच्या दृष्टीनं मी ड्रायव्हर होते, आणि ड्रायव्हरशी किती बोलणार?

म्हणून इटलीला मराठी टूर. त्यातल्या एका दिवसाचं सांगितलं की बाकीचं कळेल.

मुक्काम मोंतेकातिनीला होता. फ्लोरेन्समध्ये हॉटेलं महाग, म्हणून टूरवाले बऱ्याचदा या गावात उतरवतात. टूर मॅनेजरचा मंत्र 'सहा-सात-आठ', म्हणजे सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. बसमध्ये रोज एकेक रांग पुढे सरकायचं, म्हणजे पुढच्या खिडकीवरून भांडणं नाहीत. मला हे शाळेसारखं वाटत होतं, आईला भिशीसारखं. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं ती "मी येतो, मी बसतो" म्हणते. पुण्याच्या एक काकू पहिल्या दिवशी हसल्या होत्या. चौथ्या दिवशी त्याच म्हणत होत्या, "चला, मी पण जातो."

सकाळी पिसा. बस मनोऱ्यापर्यंत जात नाही, लांबच्या तळावर उतरून चालावं लागतं. वाटेत पट्टे, टोप्या आणि मनोऱ्याच्या आकाराच्या बाटल्या विकणारे. मग भिंतीतल्या दारातून आत शिरलं की एकदम हिरवळ, आणि तिच्यावर पांढऱ्या संगमरवराचं सगळं मांडून ठेवलेलं. आमच्या ग्रुपनं लगेच मनोऱ्याला हात लावून तोलायचे फोटो सुरू केले. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि गाईडला विचारलं, "पाया किती?"

गाईडनं सांगितलं, सुमारे तीन मीटर.

"तीन? आणि उंची?"

"छप्पन मीटर."

"मग कलणारच की."

पंचगंगेच्या काठच्या मातीत घर बांधलेल्या बाईला यात नवल कसलं? काम ११७३ साली सुरू झालं, तिसरा मजला चढेपर्यंत मऊ जमिनीनं एक बाजू सोडली. पुढं लढाया होऊन काम थांबत गेलं, आणि सगळं पुरं व्हायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. या थांबण्यामुळं खालची माती दबून घट्ट झाली, नाहीतर तो तेव्हाच आडवा झाला असता. १९९० ते २००१ तो लोकांसाठी बंद ठेवून दुरुस्त केला, तेही कललेल्या बाजूला टेकू देऊन नव्हे, तर उंच राहिलेल्या बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून. हे आईला फार आवडलं. बसमध्ये तिनं ते दोन रांगा पुढं आणि दोन मागं सांगितलं.

फ्लोरेन्सबद्दल मात्र टूरची बाजू मी घेणार नाही. पोटभर भारतीय जेवण, मग कानात यंत्र लावून गाईडच्या छत्रीमागं दीड तास. कॅथेड्रलचा तो घुमट ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकारानं जमिनीपासून लाकडी आधार न उभारता चढवला आणि १४३६ मध्ये पुरा केला. त्याच्यासमोर आम्ही किती वेळ? सहा मिनिटं, त्यातली दोन डोकी मोजण्यात. चौकातला मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा नकली, खरा १८७३ पासून अकादमी या संग्रहालयाच्या आत, आणि ती आमच्या कार्यक्रमात नव्हती. उफित्सी हे चित्रसंग्रहालय बाहेरून. चित्रं बघायला फ्लोरेन्सला जायचं असेल तर बसनं जाऊ नका, माझं स्पष्ट मत आहे.

तीन वाजता सांता क्रोचेच्या चौकात मोकळा वेळ मिळाला. पाचला बस. उशीर चालणार नाही, कारण ड्रायव्हरच्या गाडी चालवण्याच्या आणि विश्रांतीच्या तासांवर युरोपात कायद्यानं मर्यादा आहे आणि गाडीतलं यंत्र सगळं नोंदवत असतं. आपल्याकडच्यासारखं "दादा, दहा मिनिटं" तिथं चालत नाही. बायका चामड्याच्या पर्स बघायला पांगल्या. आई माझा हात धरून म्हणाली, "महाराजांकडं जायचं."

मला हे ठाऊक होतं, पण ती बोलेल असं वाटलं नव्हतं. आई राजाराम कॉलेजची. ते कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते करवीरचे छत्रपती राजाराम महाराज (शिवाजी महाराजांचे पुत्र ते वेगळे) १८७० मध्ये इंग्लंडचा प्रवास करून परतताना फ्लोरेन्समध्ये ३० नोव्हेंबरला वारले. वय वीस. तेव्हा फ्लोरेन्स ही इटलीची राजधानी होती, आणि दहन तिथल्या रीतीत बसणारं नव्हतं. खास परवानगी काढून, आर्नो नदीला मुन्योने मिळते त्या संगमावर त्यांना अग्नी दिला. परक्या मुलुखात सोबतच्या माणसांनी संगम शोधला, इतकंच मला त्या कथेत नेहमी लख्ख दिसतं.

टॅक्सी तिथं हात दाखवून थांबत नाही, स्टँडवर जावं लागतं. ड्रायव्हरला 'इंदियानो', म्हणजे भारतीय, एवढं सांगितलं आणि तो लगेच समजला. काशिने नावाच्या लांबलचक बागेच्या पार पश्चिम टोकाला ती जागा आहे. शेजारच्या तारांनी तोललेल्या पुलाचं नावही तेच, पोंते आल्लिंदियानो. रोज त्यावरून जाणाऱ्या किती जणांना तो 'इंदियानो' कोल्हापूरचा हे माहीत असेल? टॅक्सीला थांबायला सांगून आम्ही पुढचं चाललो.

झाडांमध्ये स्मारकाची छत्री उभी. खाली महाराजांचा अर्धपुतळा, डोक्यावर पगडी, अंगावर दागिने, आणि चेहऱ्याला रंग दिलेला. संगमरवरी पांढऱ्या चेहऱ्यांच्या त्या गावात हा एक सावळा. छत्रीचा आराखडा मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. आईनं कमान बघितली आणि म्हणाली, "हे आपलंच की गं."

मग ती बूट काढायला लागली. प्रवासासाठी मीच घेऊन दिलेले नवे बूट, लेसवाले. चप्पल असती तर काम क्षणात झालं असतं. ती पायरीवर बसली, गाठ सुटेना. मी घड्याळ बघितलं आणि खाली बसून गाठ सोडायला लागले. चार वाजून दहा झाले होते. "राहू दे, बुटावरच नमस्कार कर," असं माझ्या तोंडात आलं होतं. बरं झालं बोलले नाही. तिनं मोजे काढले, अनवाणी पुढं गेली आणि उभी राहिली. काही पुटपुटली नाही, रडली नाही. एकदा मान वर करून छत्रीचं छत नीट बघितलं. एक माणूस कुत्रा घेऊन गेला, त्यानं आमच्याकडं आणि पायरीवरच्या बुटांकडं बघितलं आणि टोपीला हात लावला.

जाऊन-येऊन, थांबण्यासकट टॅक्सीचे साठ युरोच्या आसपास झाले. आईनं मनात नव्वदनं गुणलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. असं मी प्रथमच पाहिलं.

पाचला चार मिनिटं कमी असताना आम्ही बसपाशी. टूर मॅनेजर फोन कानाला लावून उभा होता, मला वाटलं आता बोलणी बसणार. ती बसली, पण दुसऱ्याकडून आणि दुसऱ्याच कारणानं. आम्ही कुठं गेलो होतो हे आईनं पायरी चढता चढताच जाहीर केलं, आणि साताऱ्याचे एक आजोबा ताडकन उठले. "आम्हाला का नाही सांगितलंत? छत्रपतींच्या समाधीपाशी तुम्ही दोघीच जाऊन आलात? आम्ही काय पर्सा घ्यायला आलोय?" त्यांच्या सौ. मांडीवरची नवी पर्स हळूच पायाशी ठेवत होत्या. पुण्याच्या काकूंनी टूर मॅनेजरला विचारलं, कार्यक्रमात का नाही? तो म्हणाला, बस तिथपर्यंत जाऊ शकत नाही. मग मोंतेकातिनीपर्यंत बस कुठं उभी करता येईल यावर अख्ख्या गाडीनं चर्चा केली. आई मधल्या रांगेत बसून सगळं परत पहिल्यापासून सांगत होती, संगम, परवानगी, सावळा चेहरा. बुटाची गाठ तिनं गाळली.

मी मागच्या सीटवर होते. इतक्या दिवसांत प्रथमच मला फोनमध्ये काही शोधायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच ती उठून बाल्कनीत शेजारणीशी फोनवर बोलत होती. कोल्हापुरात तेव्हा साडेनऊ वाजत आले असतील. "व्हय, महाराजांना भेटून आलो," ती सांगत होती. "आणि तो वाकडा मनोरा? बघितला की. पायाच कमी पडलाय त्याचा."