दोन दोऱ्यांचा पतंग शिकताना

स्पोर्ट काइट म्हणजे दोन दोऱ्यांचा पतंग. उजवा हात ओढला की उजवीकडे वळतो, डावा ओढला की डावीकडे. आपल्या पतंगासारखा तो उंच उंच न्यायचा नसतो. दोऱ्या साधारण पंचवीस मीटरच्या, आणि सगळा खेळ तेवढ्यातच. सरळ रेषेत पळवायचा, काटकोनात वळवायचा, हवेत जागच्या जागी थांबवायचा, मग पाठीवर पाडायचा, गरगर फिरवायचा आणि जमिनीला टेकायच्या आत परत उचलायचा.

मी मूळची येवल्याची. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आमचं अख्खं गाव गच्चीवर असतं, त्यामुळे आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरण्यापासून पेच लावण्यापर्यंत सगळं लहानपणापासून हातात बसलेलं. नोकरीसाठी कॅलिफोर्नियात आले आणि बर्कलीच्या सेझर चावेझ पार्कात हे पतंग पाहिले. एक पतंग वाऱ्यात पाठीवर पडून स्वतःभोवती फिरला आणि पुन्हा सुसाट वर गेला. हे आपल्याला आलंच पाहिजे, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

हे पार्क म्हणजे पूर्वी शहराचा कचरा टाकायची जागा. तो भराव बंद करून वर माती घातली आणि खाडीच्या काठी नव्वद एकरांची मोकळी जागा तयार झाली. समोर पाण्यापलीकडे थेट गोल्डन गेट. उन्हाळ्यात आतला कॅलिफोर्निया तापला की समुद्रावरची गार हवा त्या सामुद्रधुनीतून आत ओढली जाते, म्हणून दुपारनंतर इथे पश्चिमेचा वारा जवळपास ठरलेला. शिकणाऱ्याला जोरापेक्षा एकसारखा वारा जास्त उपयोगाचा. ताशी दहा ते वीस किलोमीटरचा, झोत न येणारा वारा सर्वांत चांगला. झाडांच्या किंवा टेकाडाच्या आडोशाला उभं राहिलं की वारा तुटक होतो आणि चूक हाताची की वाऱ्याची हेच कळत नाही. मोकळ्या हिरवळीवर, वाऱ्याच्या बाजूला काहीही आडवं नाही अशी जागा धरायची.

पतंग घेताना खेळण्यांच्या दुकानातला स्वस्त प्लास्टिकचा घेऊ नये, हे माझं ठाम मत. कार्बन फायबरच्या काड्या आणि रिपस्टॉप, म्हणजे चटकन न फाटणाऱ्या, कापडाचा, दोन मीटरच्या आतबाहेर पंखाचा, मधल्या किमतीचा पतंग घ्यावा. तो आपटला तरी टिकतो आणि पुढे ट्रिकही करतो.

दोऱ्या डायनीमा नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या जवळजवळ ताणल्या जात नाहीत, त्यामुळे बोटभर हात हलला तरी पतंगाला कळतो. शिवाय त्या इतक्या गुळगुळीत असतात की पतंगाने गिरक्या घेऊन एकमेकींत चार-पाच पिळे पडले तरी सरकत राहतात. पतंग ऐकतोच, नंतर उलट्या गिरक्या घेऊन पिळे सोडवायचे. मात्र दोन्ही दोऱ्यांची लांबी तंतोतंत सारखी हवी. मी एका खुंटीला दोन्हींची टोकं अडकवते, दुसऱ्या टोकाला जाऊन हँडल शेजारी शेजारी धरते आणि ताण देते. एक जरी दोन बोटं पुढे आली तरी पतंग कायम एका बाजूला ओढत राहतो. नवी दोरी सुरुवातीला थोडी वाढते, म्हणून हे मोजमाप पहिल्या काही खेपांना दर वेळी करावं. कन्नीची, म्हणजे पतंगाला दोरी जोडायच्या दोऱ्याची, गाठही अशीच नाजूक. ती काही मिलिमीटर नाकाकडे सरकवली की हलक्या वाऱ्यात पतंग चटकन उठतो.

वाऱ्याकडे पाठ करून दोन्ही हात फैलावले की समोर जो पाव गोल दिसतो, तेवढंच पतंगाचं आकाश. त्याच्या मधोमध वाऱ्याची ताकद सर्वांत जास्त, कडेला सर्वांत कमी. नवा माणूस पतंग मधोमध उभा करून जोरात ओढतो, तो तीरासारखा वर जातो, वळतो आणि नाकावर जमिनीकडे येतो. अशा वेळी हात आपोआप मागे खेचले जातात आणि पतंगाचा वेग आणखी वाढतो. करायचं असतं उलटं: दोन्ही हात पुढे टाकायचे आणि पतंगाच्या दिशेने धावायचं. दोऱ्यांतला ताण गेला की कापडातली ताकद जाते आणि पतंग अलगद पोटावर पडतो. ही सवय लागेपर्यंत मी दुसरं काही केलंच नाही. यात काड्या वाचतात, आणि पुढच्या सगळ्या ट्रिकांचं मूळही यातच आहे.

नंतर कडेला नेऊन उतरवणं, सरळ रेषा आणि काटकोन. स्पर्धांमध्ये ठरावीक आकृत्या काढून दाखवायच्या असतात, त्यात कोपरा गोलसर झाला की गुण जातात. मला स्पर्धेत उतरायचं नव्हतं, तरी ही तालीम मनापासून केली. काटकोन नीट येणारा हात पतंगाला हवेत थांबवूही शकतो. पतंग आडवा चाललेला असताना एका हाताने झटका देऊन नाक वर करायचं, लगेच दुसऱ्या हाताने तोल सावरायचा आणि दोन्ही हात किंचित पुढे. पतंग नाक वर करून तरंगत राहतो. याला स्टॉल म्हणतात. स्टॉल स्थिर झाल्याशिवाय ट्रिकच्या वाटेला जाऊ नये.

माझं अडलं ते अ‍ॅक्सेलवर. यात थांबलेल्या पतंगाला एकाच दोरीने झटका द्यायचा, की तो पोटावर आडवा होऊन जमिनीला समांतर एक पूर्ण गिरकी घेतो. नाव फिगर स्केटिंगमधल्या उडीवरून आलंय. माझा पतंग अर्धी गिरकी घ्यायचा आणि दोरीत अडकल्यासारखा तिरका कोसळायचा. झटका वाढवून पाहिला, वारा बदलून पाहिला, कन्नी खालीवर करून पाहिली.

त्या उन्हाळ्यात आमचे नाना येवल्याहून आले होते. बाकावर बसून बराच वेळ बघत होते. मग उठून जवळ आले.

"अगं, ढील कुठंय यात?"

"नाना, याला ढील नसते. दोरी एवढीच आहे."

"दोरी एवढीच असू दे. हात आहेत ना? पाय आहेत ना? खेच मारलीस की तिथंच धरून बसतेस. फिरणार कसा तो?"

त्यांनी हँडल मागितलं नाही. माझ्या मनगटाला धरून दाखवलं: छोटी, कडक खेच, आणि ती पूर्ण व्हायच्या आत हात पुढे. "दोन पावलं त्याच्याकडे जा," म्हणाले. गेले. पतंग सपाट झाला, एक गोल फिरला आणि दोरी ताणली जाताच वर उठला. नानांनी गच्चीवर देतात तशी आरोळी ठोकली. शेजारी कुत्रं फिरवणाऱ्या बाईंनीही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मला उमगलं की दोन्ही पतंगांचं शास्त्र एकच आहे. आपला पेचाचा पतंग ताणला की काडी वाकते, कागदाला बाक येतो आणि तो नाकाच्या दिशेने सरळ सुटतो. ढील दिली की सपाट होतो आणि गिरक्या घेतो. पेच खेळणारा नकळत ताण आणि ढील यांच्या तालावर त्याला हवी ती दिशा देतो. दोन दोऱ्यांच्या पतंगातही ताण असतो तोवर तो फक्त उडतो. ट्रिक होते ती दोरी सैल असतानाच्या क्षणभरात. झटक्याने फिरण्याची सुरुवात होते, पण पुरतं फिरायला त्याला मोकळी दोरी लागते. ज्यांनी संक्रांतीला पेच खेळलेत, त्यांचा हात हे आधीपासून जाणतो. इथे फक्त ते दोन हातांना वेगवेगळं शिकवावं लागतं.

टर्टल त्यामुळे लवकर आला. स्टॉलमधून दोन्ही हातांनी हलकासा झटका आणि भरपूर ढील, की पतंग नाक पलीकडे करून पाठीवर पडतो. तशातच एक दोरी अलगद ओढली की तो पाठीवरच गोल फिरतो. ही लेझी सुझन. मी पहिल्या दिवशी पाहिली होती ती हीच. इथे झटका मुळीच चालत नाही, ताकाची रवी सुरुवातीला फिरवतो तितक्या हलक्या हाताने ओढायचं. फेड नावाच्या ट्रिकमध्ये मात्र पतंग पाठीवर असतो आणि नाक आपल्याकडे. त्यात त्याला तरंगत ठेवणं माझ्या हातून अजून क्षणभरच होतं, आणि सध्या सगळा सराव त्याचाच चाललाय.

या पतंगाचा एक जुना अवतार युद्धातला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात पॉल गार्बर यांनी दोन दोऱ्यांनी वळवता येणारा पतंग बनवला. त्यावर शत्रूच्या विमानाचं चित्र रंगवलेलं असे आणि तोफचींनी त्यावर नेम धरायचा. पुढे १९७० च्या दशकात इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांच्या लांब शेपटीच्या पतंगाने हा खेळ घराघरांत नेला. नेम चुकवण्यासाठी वळणारा पतंग आज मी खाडीकाठी नाचवते, याचा मला फार आनंद वाटतो.

महाराष्ट्रात शिकायचं तर कोकण किनाऱ्यासारखी जागा नाही. पावसाळा सोडून दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, आणि ओहोटीला ओली घट्ट वाळू धावायला उत्तम. सुरुंच्या रांगेपासून लांब, पाण्याच्या बाजूला जायचं. संक्रांतीच्या गर्दीत मात्र हा पतंग नेऊ नये. डायनीमा कमी उष्णतेला वितळतो, दुसरी दोरी त्यावर घासली की तो तिथेच तुटतो. आणि काच नसली तरी ताणलेली दोरी वेगात अंगावर आली तर कातडी कापते. नायलॉन मांजाने काय होतं ते आपण बघितलंय; राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली ती उगाच नाही. म्हणून दोऱ्यांच्या लांबीपेक्षा चांगली जास्त जागा समोर रिकामी असेल तरच पतंग उचलायचा, आणि कोणी मधून चालत आलं तर आधी उतरवायचा.