मग आम्ही आधीच पास ना?

पुण्याला फोन केला की आत्याचे प्रश्न ठरलेले. हवा कशी आहे, पोरं काय म्हणतात, आणि मग, "काय गं, तुमच्याकडे आता सरकारच सांगतं म्हणे, मांस कमी खा, पृथ्वी तापतेय? म्हणजे आम्ही शाकाहारी माणसं आधीपासून पासच की!" हाच प्रश्न सोसायटीच्या ग्रुपवर येतो. मागच्या सुट्टीत बँकेच्या रांगेतसुद्धा एका काकांनी विचारला. मी जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्याच्या कँटीनचा आठवड्याचा मेनू ठरवते, त्यामुळे उत्तर माझ्या खिशातच असणार असं सगळ्यांना वाटतं. फोनवर ते कधी पुरं होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहायलाच बसले.

आधी ते 'सरकार'. सल्ला दिलाय बॉनच्या जर्मन पोषण संस्थेनं. पैसा बराचसा केंद्र सरकारचा, पण कागदावर संस्था स्वतंत्र. मार्च २०२४ मध्ये तिनं नवी शिफारस काढली: मांस आणि सॉसेज मिळून आठवड्याला जास्तीत जास्त ३०० ग्रॅम. आधी ३०० ते ६०० होतं. दूध-दही-चीज दिवसातून तीनऐवजी दोन वेळा. अंडं आठवड्याला एक, केक आणि नूडल्समधली वेगळी. आणि एकूण खाण्यात तीन चतुर्थांशांहून जास्त वाटा झाडापासून आलेल्या पदार्थांचा. ३०० ग्रॅम म्हणजे दोन श्निट्झेल, म्हणजे मांसाचे तळलेले काप, की आठवडा संपला!

इथे हा विषय किती हळवा आहे ते पुण्यात बसून कळत नाही. २०२१ मध्ये फोक्सवागन या मोटार कंपनीनं वोल्फ्सबुर्गमधल्या आपल्या एका कँटीनमधून करीवुर्स्ट, म्हणजे मसालेदार सॉसमधला सॉसेज, काढून टाकला, तर माजी चान्सलर गेरहार्ड श्रोडर जाहीरपणे त्या सॉसेजच्या बाजूनं उभे राहिले. कामगाराची ताकद आहे ती, असा त्यांचा सूर. दोन वर्षांनी करीवुर्स्ट परत आला. आमच्याकडे मी एकदाच मसुरीच्या ताटातून सॉसेज पूर्ण काढून पाहिला. तक्रारपेटीत एक चिठ्ठी निघाली. त्यावर अक्षर एकही नव्हतं, नुसतं सॉसेजचं चित्र. आता जोडीऐवजी एक ठेवते, मसूर डावभर जास्त वाढते, आणि पेटी रिकामी असते.

आता गंमत ऐका. हे आकडे काढताना त्या संस्थेनं गणितात तीन गोष्टी घातल्या. शरीराला काय लागतं आणि कशानं आजार टळतात ही एक. जमीन आणि हवेवर किती भार पडतो ही दुसरी. तिसरी म्हणजे जर्मन माणूस आज काय खातो. ही तिसरी कुणाच्या ध्यानात येत नाही. ३०० हा आकडा काही निसर्गानं ठरवलेला नाही, सॉसेज खाणाऱ्या देशाशी केलेली ती तडजोड आहे. पुरावा हवा तर त्याच यादीतली डाळी-कडधान्यांची ओळ वाचा: आठवड्यातून निदान एकदा, शिजवलेली १२५ ग्रॅम. आठवड्यातून! आपल्याकडे एवढी उसळ मुलं नको-नको म्हणत एका जेवणात संपवतात.

म्हणून, आत्या, तू त्यांच्या परीक्षेत पास आहेस, पण तो पेपर तुझ्यासाठी काढलेलाच नव्हता.

तुझा पेपर दोनच महिन्यांनी आला. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठी सतरा सूत्रं दिली. मीठ, तेल, व्यायाम, भरपूर पाणी पिणं, पाकिटावरचं लेबल वाचणं, सगळं आहे त्यात. प्यायच्या पाण्यावर सूत्र आहे, पण धान्याला लागलेल्या पाण्यावर नाही. मी त्यांना फार दोष देत नाही. जिथे मुलांच्या अंगात रक्त कमी, तिथे कार्बनचा हिशेब कोण मांडणार? पण त्यांचं ताट नीट पाहिलं तर उत्तर तिथेच पडलेलं दिसतं. २००० कॅलरींच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, आणि शाकाहारी माणसाला डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, कच्ची मोजून. चौघांच्या घराला रोज ३४० ग्रॅम. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "घरात लग्न आहे का?"

आपलं ताट शाकाहारी असलं तरी ते पोळी-भाताचं ताट आहे, वरण तोंडी लावण्यापुरतं. धान्य स्वस्त, कारण सगळी व्यवस्थाच गहू-तांदळाभोवती उभी आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी महिना पाच किलो धान्य आहे, डाळ नाही. त्या तांदळापायी पंजाबात जमिनीतलं पाणी इतकं खाली गेलं की २००९ मध्ये भाताची लावणी लवकर करायला कायद्यानं बंदी घालावी लागली. आणि आपल्या चहातल्या साखरेमागे ऊस किती पाणी पितो, ते महाराष्ट्रातल्या माणसाला मी काय सांगू?

डाळीचं उलट आहे. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. आजोबांच्या बार्शीच्या रानात ज्वारीत तुरीच्या ओळी असायच्या, 'तूर जमिनीला परत देते' म्हणायचे. इथे शेजारच्या श्वेबिश आल्ब पठारावर मसूर ओट किंवा बार्लीबरोबर पेरतात, नाजूक वेल त्याला धरून उभा राहावा म्हणून. ती शेती मध्ये पुरती बंद पडली होती. जुन्या दोन वाणांचं बी गावात कुणाकडेच उरलं नव्हतं, ते २००६ मध्ये सापडलं थेट रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात. आज तीच मसूर मी कँटीनमध्ये व्हिनेगरचा थेंब घालून वाढते. महाग आहे, महिन्यातून एकदाच परवडते.

आत्याला एवढं सगळं सांगितलं नव्हतं. फक्त म्हटलं होतं, "एकदा डाळ काट्यावर ठेवून बघ." पुढच्या फोनला तिनं आपणहून सांगितलं, "एकशे दहा ग्रॅम भरली गं. चौघांत." मी साखरेचं विचारणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "बरं, हवा कशी आहे तिकडे?"