दोन्ही रॅम्पवर २३५

जर्मनीत त्स्विकाऊजवळ जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी काम करतो. त्या दिवशी डाव्या रॅम्पवर तेव्हाच्या पश्चिम जर्मनीची डीकेडब्ल्यू एफ-८९ ही गाडी होती, १९५१ सालची, ड्युसेलडॉर्फला बनलेली. उजवीकडे १९५२ ची इफा एफ-९, इथलीच, पूर्व जर्मनीतली.

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्याच्या मध्यापर्यंत टेप लावली. २३५ सेंटीमीटर. दुसऱ्या गाडीलाही २३५. मी चुकलो असेन म्हणून परत मोजलं. मग चार पावलं मागे जाऊन बघितलं, तर छपराचा उतारही तोच.

"एकाच घरातल्या आहेत त्या," मेस्त्री म्हणाले.

घर म्हणजे ऑटो युनियन, युद्धापूर्वीची इथली मोटार कंपनी. १९४० मध्ये नवी गाडी बाजारात यायची होती, नमुने तयार होते. युद्धामुळे सगळं राहिलं. नंतर सोव्हिएत सैन्याने इथल्या कारखान्यांतली यंत्रं उचलून नेली. कंपनीतली काही माणसं पश्चिमेला इंगोलश्टाटला गेली आणि १९४९ मध्ये तिथे त्याच नावाने नवी कंपनी उभी राहिली. एकाच गाडीवरून मग दोन देशांत दोन गाड्या निघाल्या.

दुपारी एफ-९ च्या मालकीणबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, वडील इथल्याच कारखान्यात होते. शेजारच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. त्या वाकल्या.

"इंजिन एवढंच?"

एवढंच. युद्धापूर्वीचं, दोन सिलिंडरचं, आडवं बसवलेलं. त्यांच्या गाडीत मात्र तीन सिलिंडरचं, मूळ आराखड्यातलं. पश्चिमेला तसं इंजिन मिळायला १९५३ उजाडलं. मी हे सांगत होतो तेव्हा त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. "तिकडचं सगळं आपल्यापेक्षा भारी, हेच ऐकत आले मी," एवढंच म्हणाल्या.

पुढे पूर्वेकडचे मागे पडले, हे खरंच आहे. १९५७ पासून त्स्विकाऊत ट्राबांट ही छोटी गाडी बनायला लागली, दोन सिलिंडरचीच, आणि १९९० पर्यंत तेच टू-स्ट्रोक इंजिन चाललं. नव्या इंजिनाला वरून पैसाच मिळाला नाही. पण १९५२ मध्ये या कामगारांनी, कारखाना रिकामा झालेला असताना, पोलादाची टंचाई असताना, ही गाडी उभी केली होती. त्यांना मागासलेले म्हणणं मला अजिबात पटत नाही.

मी एफ-९ चालू केली. लुनासारखा तो तेलकट, निळसर धूर शेडभर पसरला. बाईंनी फेंडरवर हात ठेवला होता. इंजिन बंद करायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे जरा."