एक खोकं, सात विमानं

आमच्या मॉडेलिंग क्लबात, म्हणजे प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडून रंगवणाऱ्यांच्या मंडळात, वर्षातून एकदा एक खेळ असतो. सगळ्यांनी एकच किट, म्हणजे सुट्या भागांचं खोकं, घ्यायचं, घरी बनवायचं आणि ठरलेल्या दिवशी टेबलावर आणून ठेवायचं. नाव लिहायचं नाही. मग कुठलं कोणाचं ते ओळखायचं. यंदा १/७२ मधलं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, स्पिटफायर होतं, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, १९४० च्या सुमाराचं. टेबलावर सात विमानं आली आणि एक न उघडलेलं खोकं.

खोक्याचा मालक ओळखायला काही अक्कल लागत नाही. हे गृहस्थ पोस्टाची तिकिटं जमवता जमवता इकडे आले. कोऱ्या तिकिटाचा शिक्क्याशी संबंध आला की ते उतरलं, ही शिकवण इतकी मुरलेली की किटवरचं सेलोफेन फाडणं त्यांच्या जिवावर येतं. त्यांच्याकडे तीनेकशे किट आहेत. बनवलेलं एकही नाही. तरी आमच्यात सर्वांत जास्त माहिती त्यांनाच, कारण खोक्यांच्या चारही बाजू त्यांनी वाचलेल्या असतात.

बाकीच्यांचंही तसंच. माणूस आधी काय करत होता ते विमानावर उमटतंच. रंग तोच, भाग तेच, सूचनांचा कागद तोच, आणि तरी सात विमानं सात घरची.

पंख आणि धड यांच्यामधली फट ज्यावर औषधालाही सापडत नाही, ते दाताच्या डॉक्टरबाईंचं. प्लॅस्टिकचे दोन भाग जोडले की मध्ये रेघ राहते. ती पुट्टीने भरायची, ४०० च्या पॉलिश पेपरने घासायची, मग ६००, मग १०००. आम्ही दोनदा घासून सोडून देतो. बाई सोडत नाहीत. फट म्हणजे कीड लागायची जागा, असं बहुतेक त्यांच्या हातालाच वाटतं. झिजलेले बर (दात कोरायच्या यंत्राची टोकं), टोकदार हत्यारं, सगळं दवाखान्यातून निवृत्त होऊन क्लबात येतं. एक्झॉस्टच्या नळीचं भरीव तोंड कोरून पोकळ करायला त्या बरसारखं दुसरं काही नाही. गंमत अशी, की जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावलेल्या या बाई कॉकपिटच्या आत मात्र काही करत नाहीत. काळा रंग मारायचा आणि झाकायचं. म्हणे, तेवढी तरी सुट्टी हवी.

नव्या मोटारीसारखं चकचकीत विमान उस्तादांचं. उस्ताद गॅरेजमध्ये गाड्या रंगवत. एअरब्रश, म्हणजे रंग फवारायचं पेनाएवढं हत्यार, पहिल्यांदा हातात दिलं तेव्हा त्यांनी तो खेळण्यासारखा फिरवून पाहिला आणि विचारलं, "मोठा कुठाय?" रंग दुधाइतका पातळ करायचा, पातळ थर द्यायचे, फवारा विमानाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा, हे आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. पण युद्धातलं विमान मॅट असतं हे त्यांना पटत नाही. आणि वेदरिंग, म्हणजे रंगवलेल्या मॉडेलवर मुद्दाम तेल, काजळी, धूळ दाखवणं, हे तर त्यांना बघवतही नाही. कोणी वॉश, म्हणजे मळासाठीचा पाण्यासारखा पातळ गडद रंग, लावायला घेतला की ते बाहेर जाऊन उभे राहतात.

खरं तर मीही त्यांच्या चकाकीवर हसायचो. मग माझ्या डेकलखाली, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या नंबर-चिन्हांच्या पातळ चित्रांखाली, चंदेरी डाग दिसायला लागले. मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, डेकल त्यावर पूर्ण बसत नाही, खाली हवा अडकते आणि ती चमकते. उस्तादांनी माझं विमान उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाले, "आधी ग्लॉस मारा, त्यावर स्टिकर, मग काय तुमचं मॅट-फिट मारायचं ते मारा." डेकलला ते स्टिकरच म्हणतात. मी सुधारत नाही. (सुरुवातीला सुधारायचो.)

गवताळ मैदानावर उभं असलेलं विमान रेल्वेवाल्यांचं. यांच्या घरी एचओ मापाची रेल्वे आहे, म्हणजे १/८७. त्यांना मुळात गवत, चिखल, कुंपण, झाडं यांतच रस. विमान हे गवत लावायचं निमित्त. गवताचे तंतू स्थिर विजेने उभे राहतात, ती करामत त्यांनी आम्हाला दाखवली तेव्हा सगळे लहान मुलांसारखे टेबलाभोवती जमलो होतो. फक्त पंखाशेजारी उभा केलेला माणूस त्यांनी रेल्वेच्या डब्यातून उचलला होता. पावणेसहा फुटी माणूस १/७२ मध्ये जवळजवळ २४ मिलिमीटर भरतो, १/८७ मध्ये २०. चार मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण तो वैमानिक शाळेतल्या मुलासारखा दिसत होता. मी ते बोलून दाखवलं. हो, मीच.

कॉलेजातला एक मुलगा आहे, तो गुंडामवरून आला. जपानच्या बांडाई कंपनीने १९८० साली त्या यंत्रमानवांची किट काढायला सुरुवात केली. आताची किट बिनगोंदाची, भाग टक्कन एकमेकांत बसतात. पॅनल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या कोरीव रेघांमध्ये, गडद रंग भरून उठाव आणण्यात या पोराचा हात धरणारा आमच्यात कोणी नाही. पण गोंदाशी त्याची ओळखच नव्हती. आम्ही वापरतो तो पातळ सिमेंट प्लॅस्टिक वितळवतो आणि सांध्यात आपोआप ओढला जातो, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. त्याने कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच, सुपरग्लूने चिकटवली. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी बुरशी धरते, तशी धरली. डॉक्टरबाईंनी ती काच सोडवली, पेस्टने घासली आणि क्लिअर ग्लॉसमध्ये बुडवून परत दिली. दात पांढरे करून देतात, काच पांढरी असलेली चालत नाही.

सीटचे पट्टे खरे वाटत होते ते भरतकामवाल्या ताईंचं. टेपच्या अर्धा मिलिमीटर पट्ट्या, त्यांना घडी, घडीला सुरकुती. त्यांच्या मूळ आवडीची विमानं दोन पंखांची, एकावर एक, मध्ये तारांचं जाळं. तारा ताणायला मिळतात म्हणून. स्पिटफायरला एकच एरियलची तार. ती त्यांनी स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लागून येतात तिचा, तुकडा मेणबत्तीवर धरून केसासारखा ओढून केली आणि कामच संपलं म्हणून जरा नाराज झाल्या.

आता माझं. मी पस्तीस वर्षं मुद्रितशोधन केलं. १/७२ हे माप विमानांना का, तर सहा फुटांचा एक इंच होतो, हिशेब सोपा. ब्रिटनमध्ये फ्रॉगने पेंग्विन नावाने प्लॅस्टिकची पहिली किट काढली ती याच मापाची, १९३६ साली. त्याच वर्षी ५ मार्चला स्पिटफायर पहिल्यांदा उडालं. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांतल्या मुलांकडून विमानं ओळखायच्या सरावासाठी लाकडी मॉडेलं करून घेतली, तीही १/७२ ची. पस्तीस फुटांवर धरलं की खरं विमान अर्ध्या मैलाच्या जरा अलीकडे दिसावं तसं दिसतं.

पण माझं कारण निराळं. छापखान्यात टाइप पॉइंटने मोजतात, आणि इंचाचे पॉइंट बहात्तर. (जुन्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या टाइपांच्या, मापात किंचित जास्त, पण ते असो.) म्हणजे खऱ्या विमानावरचा एक इंच माझ्या मॉडेलवर बरोबर एक पॉइंट होतो. ब्रिटिश विमानांच्या शेपटीजवळचा नंबर ८ इंच उंचीचा असे. मॉडेलवर तो ८ पॉइंट, पुस्तकातल्या रोमन कॅपिटलएवढा. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. जन्मभर ज्या मापाची अक्षरं वाचली, ती आता विमानावर होती.

साहजिकच मी आधी नंबर वाचतो. पहिल्याच बैठकीला मी फिटर काकांच्या विमानावरची चूक दाखवली होती. दोन बाजूंना दोन वेगळे नंबर. काका खऱ्या विमानांवर काम करून निवृत्त झालेले. आमच्यात खऱ्या विमानाला हात लावलेले तेवढेच. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, "असेल," म्हणाले. बस. हिरवा रंग नेमका कुठला यावर आम्ही तासभर भांडतो तेव्हाही ते गप्प असतात. एकदाच म्हणाले, "डबा संपला की दुसरा डबा उघडायचो." त्यांचं विमान ओळखायची खूण म्हणजे मळ. इतरांचं विमान सगळीकडून सारखं मळकं असतं. काकांचं चढताना पाय पडतो तिथे, एक्झॉस्टच्या मागे, मशीनगनच्या तोंडापुढे नव्हे तर मागे पंखाखाली, जिथे रिकामी काडतुसं बाहेर पडतात. बाकी स्वच्छ. "एवढं घाण ठेवलं असतं तर आम्हाला उभं केलं असतं का?"

यंदा माझ्या विमानाचे नंबर दोन्हीकडे जुळत होते, डेकलखाली एक चंदेरी ठिपका नव्हता. पंखाची फट होती, पण ती मी आधीच डॉक्टरबाईंपासून लांबच्या टोकाला ठेवली होती. सगळ्यांनी पाहिलं, छान म्हणाले. काकांनी ते उचललं आणि उलटं केलं.

तोपर्यंत कोणीच कोणाचं विमान उलटं केलं नव्हतं.

त्या काळच्या स्पिटफायरच्या पोटाखाली दोन्ही बाजू सारख्या नसतात. उजव्या पंखाखाली रुंद रेडिएटर, डाव्याखाली अरुंद ऑइल कूलर. हे दोन्ही मी विमान पालथं घालून चिकटवले होते. पालथं घातलं की डावं उजवीकडे येतं, हे मी विसरलो. खिळे उलटे वाचत आयुष्य काढलेला मी. काकांनी एका बोटाने इकडे आणि मग तिकडे टिचकी मारली, माझ्याकडे पाहिलं आणि विमान जागेवर ठेवलं. काही बोलले नाहीत. तो पोरगा मात्र मोठ्याने हसला.

दोन महिने झाले. रेडिएटर अजून उपटलेला नाही, सिमेंटने तो पंखात विरघळून एकजीव झालाय. विमान कपाटात काचेमागे आहे, चाकांवर उभं. नंबर दोन्ही बाजूंनी बरोबर आहे.