यादीत न आलेलं नाव

पोलिसातून निवृत्त झालो तरी 21 ऑक्टोबरला मी गडचिरोलीच्या परेडला असतोच. 1959 साली याच दिवशी लडाखच्या हॉट स्प्रिंग्सला चिनी सैनिकांनी आपले 10 पोलीस जवान मारले, म्हणून हा पोलीस स्मृतिदिन. आमच्या शहिदांच्या घरच्यांना मी गावाहून घेऊन येतो, परत पोचवतो. कुणी सांगितलं म्हणून नाही, मला राहवत नाही म्हणून.

एका वर्षी धानोऱ्याकडची एक म्हातारी माय सोबत होती. बिगुल वाजलं, ‘शोक शस्त्र’ची मानवंदना झाली आणि वर्षभरात देशात शहीद झालेल्यांची नावं वाचणं सुरू झालं. राज्यामागून राज्य, लांबलचक यादी. माय पदर सावरून उभी राहिली ती शेवटपर्यंत बसली नाही. यादी संपली तशी गोंडीत म्हणाली, “बाबू, माझ्या पोराचं नाव नाही घेतलं.”

यादी त्या-त्या वर्षाचीच असते, आणि तिचा मुलगा जाऊन बरीच वर्षं झालेली. मी समजावलं. तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला, त्यावर बोट ठेवलं आणि त्याचा बक्कल नंबर, म्हणजे पोलिसातला ओळख क्रमांक, म्हणून दाखवला. मराठीत, खणखणीत. मराठीतलं दुसरं एक वाक्य तिला धड येत नव्हतं. उभी नोकरी मी गणतीला असे नंबर पुकारले. तेव्हा मात्र माझ्या तोंडून शब्द फुटेना.

एकट्या 2009 मध्ये आमच्या जिल्ह्यात नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत मरकेगावला 15, हत्तीगोट्याला 16 आणि लाहेरीला 17 पोलीस गेले. हत्तीगोट्याच्या 16 मध्ये 5 महिला पोलीस होत्या. एवढ्या माणसांची नावं एका परेडला एकदा वाचून भागतं, हे मला पटत नाही.

म्हणून आता जवान ज्या तारखेला गेला, त्या तारखेला मी त्याच्या गावी जातो. घरचे, पोलीस पाटील, शाळेची पोरं जमतात. नाव, बक्कल नंबर, कुठं लढला, सगळं मोठ्यानं वाचतो. लागलं तिथं गोंडीत सांगतो. जांभुळखेड्याच्या सुरुंगात 1 मे 2019 ला 15 जवानांसोबत त्यांच्या खासगी गाडीचा चालकही गेला. त्याला ना वर्दी, ना बक्कल नंबर. माझ्या वहीत तो त्या जवानांच्याच पानावर आहे, आणि 1 मेला मी 16 नावं वाचतो.