हो, अजून वाजतंय

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि खरं म्हणजे परत परत सांगायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकते. इथे बडोद्यात खंडेराव मार्केटात भाजी घेताना, देवळात, लिफ्टमध्ये, क्लासला पोरांना सोडायला येणाऱ्या आया, सगळ्यांचे मिळून दोनच प्रश्न असतात. पहिला आमच्या खालच्या मजल्यावरच्या बेनचा, "मासी, हजी वागे छे?" म्हणजे कानात अजून वाजतंय का. हो, वाजतंय. आत्ता हे टाइप करतानाही वाजतंय, डाव्या कानात, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी बारीक सुरसुरतं ना तसं, फक्त शिट्टी कधी होत नाही. दुसरा प्रश्न आपल्या मराठी मंडळींचा, "मग तुम्ही एवढ्या निवांत कशा? दृष्टिकोन कसा काय बदललात? आमच्या हिला जरा सांगा ना."

हिला काय सांगू? हिचा गुडघा वेगळा, माझा कान वेगळा.

कान कसा गेला ते सगळ्या दांडिया बाजारला माहीत आहे त्यामुळे ते सोडते. फक्त एक सांगते कारण कुणाच्या उपयोगी पडेल. सकाळी उठल्यावर एक कान एकदम बंद वाटला तर मळ असेल, सर्दी असेल म्हणून बसू नका. मला थेंब दिले गेले, मी घातले, वर घरचं कोमट तेल पण घातलं, आणि यात दहा दिवस घालवले. तीन दिवसांच्या आत कान असा अचानक उतरतो त्याला स्टेरॉईड जितकं लवकर तितकं बरं, पहिल्या दोन आठवड्यांत तर नक्कीच. मला अकराव्या दिवशी मिळालं. खालचे स्वर बऱ्यापैकी परत आले, वरचे नाही आले. आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या साधारण १५,००० केसपेशी असतात, माणसाच्या गेल्या की गेल्या. कोंबडीच्या परत उगवतात. कोंबडीला काय भूप राग गायचाय का, पण असो.

त्यानंतर लोकांनी मला बीथोवन ऐकवला. मी गाणं शिकवते ना, म्हणून. अहो, मी वाचलंय ते. कान रात्रंदिवस गुणगुणतात असं त्यानं मित्राला १८०१ मध्ये कळवलं होतं, आणि पुढच्याच वर्षी भावांच्या नावे जे लिहून ठेवलं त्यात जीव द्यायचा विचार येऊन गेल्याचं पण आहे. ते कुणी सांगत नाही.

बरं, मी तरी कोण मोठी? माझ्या जावेला संधिवात झाला तेव्हा मी तिला काय काय सांगितलंय ते आठवलं की लाज वाटते. मनावर घेऊ नकोस, चांगला विचार कर, आपल्याहून वाईट स्थितीतले लोक बघ. रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो आणि खाली सुविचार पाठवायचे. ती बिचारी हात जोडलेला इमोजी टाकायची. माझा कान गेला तेव्हा ती आली, शिरा केला, पंखा चालू केला आणि टीव्ही बारीक आवाजात लावून बसली. काही बोलली नाही. नंतर कळलं की कानासाठी बरोबर तेच करायचं असतं, शांततेत बसायचं नाही. तिला ते माहीत नव्हतं, तिला सिरियल बघायची होती.

आता दृष्टिकोन. माझा कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टनं (पोरगीच, तिशीची असेल) मला सांगितलं की कानाकडून येणं कमी झालं की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवून बसतो, स्टेशन लागत नसलं की आपण रेडिओचं बटण पिळतो आणि खरखर मोठी ऐकू येते तसं. तिनं आवाज मोजला तर मला ऐकू येण्याच्या सीमेच्या जेमतेम सात-आठ डेसिबल वर. एवढासा! मला वाटत होतं गिरणी चालू आहे. १९५३ मध्ये म्हणे धडधाकट कानाच्या ८० लोकांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं, तर ९४ टक्क्यांना काही ना काही ऐकू आलंच. म्हणजे आवाज सगळ्यांत असतो थोडाफार, माझा मेंदू त्याला चोर समजून रात्रभर काठी घेऊन जागत होता. जास्त्रेबॉफ नावाच्या शास्त्रज्ञानं १९९० मध्ये साधारण हेच मांडलं, की त्रास आवाजानं कमी आणि त्या पहाऱ्यानं जास्त होतो. सीबीटी म्हणतात त्या समुपदेशनानं पण आवाज कमी होत नाही, त्रास कमी होतो.

मी तेव्हा एक वही ठेवली होती, दर तासाला आवाजाला दहापैकी मार्क. सकाळी सहा, दुपारी सात, रात्री नऊ. मला वाटायचं किती शिस्तीनं करतेय. ऑडिओलॉजिस्ट म्हणाली, काकू, वही बंद करा. तुम्ही दर तासाला त्याला हाक मारताय. बस, हाच तो माझा बदललेला दृष्टिकोन. वही बंद केली, तीही लगेच नाही, दोन महिने कपाटात लपवून लिहीत होते.

पण तुम्ही मला निवांत म्हणता ना, म्हणून ते दुसरं सांगते जे मी कुणाला सांगितलेलं नाही.

कान गेल्यावर महिन्याभरानं मी क्लास परत सुरू केला. सगळे म्हणाले वा, काय हिंमत. एक अकरा वर्षांची मुलगी होती, गळा गोड, जरा लाजरी, परीक्षा तीन आठवड्यांवर. भूप गात होती. मी माझ्या नेहमीच्या जागी, ती माझ्या डावीकडे, मोबाईलवर तानपुरा काळी चारला लावलेला, उजवीकडे. तिचा गंधार मला चढा लागला. म्हटलं खाली घे. तिनं घेतला. म्हटलं अजून चढतोय, नीट ऐक. तिनं अजून उतरवला. चौथ्या-पाचव्यांदा मी म्हटलं, आणि हे शब्द जसेच्या तसे लक्षात आहेत माझ्या, "भूपात गंधार नाही लागत तर गाणं कशाला शिकतेस?" ती रडली नाही. नुसती तानपुऱ्याकडे बघत बसली, तोंड उघडं, स्वर नाही. बाकीची चार पोरं गप्प. मग तिची आई आली आणि ती चप्पल घालून गेली.

रात्री झोप येईना म्हणून पेटी काढली. गंधाराची पट्टी दाबून धरली, डावा कान बोटानं बंद केला, ऐकलं. मग उजवा बंद केला. तीच पट्टी, आणि दोन वेगळे स्वर. डाव्यात चढा, चांगला पाव सुराएवढा. परत केलं. पंधरा-वीस वेळा केलं असेल, मध्यरात्री, हे उठून विचारायला लागले की काय चाललंय. अशा कानाचं असं होऊ शकतं हे मला आधी माहीत नव्हतं. तानपुरा मी चांगल्या कानानं ऐकत होते आणि पोरीला वाईट कानानं. ती बरोबर होती. बरोबर गाणाऱ्या पोरीला मी ओढून ओढून बेसूर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन करायला हवा होता. नाही केला. म्हटलं पुढच्या वेळी आली की प्रेमानं घेऊ, कशाला सांगायचं, बातमी पसरली की बाईंना स्वरच ऐकू येत नाही तर क्लास बंद. हेही खरं होतं बरं का, घर त्या क्लासवर चालतं थोडंफार. ती आली नाही. आईचा मेसेज आला, अभ्यास वाढलाय. मी अंगठा पाठवला.

त्या वर्षी नवरात्रात एका रात्री कानात बोळा घालून गरबा बघायला गेले होते, आपल्याकडे गरबा म्हणजे सगळं गाव, तर तिथे ती चणियाचोळीत. "केम छो आंटी?" म्हणाली, हसली, गोलात निघून गेली. मीही हसले. बोलता आलं असतं, पण भोंगे एवढे की कुणालाच काही ऐकू आलं नसतं. असं मी स्वतःला सांगितलं.

म्हणून दृष्टिकोन बदला म्हटलं की मला जरा भीतीच वाटते. कानातल्या आवाजाला मी म्हटलं, आहेस तर राहा, मी तुझी वही ठेवत नाही. ते ठीक आहे. पण त्या मुलीच्या बाबतीतही मन तेच म्हणायला बघतं, झालं ते झालं, कशाला दर तासाला आठवतेस. दोन्हीकडे औषध एकच चालतं का? ऑडिओलॉजिस्टला विचारावं वाटलं होतं, तो तिचा विषय नाही. जावेला विचारलं तर म्हणाली, "फोन कर की." तिचं नेहमी असं सोपं असतं. नंबर आहे माझ्याकडे. आता पोर बरीच मोठी झाली असेल, तिला आठवत पण नसेल. किंवा तेवढंच आठवत असेल.

आता पोरांना मी उजवीकडे बसवते, आणि शंका आली की बोलायच्या आधी मोबाईलवर ट्यूनरची, म्हणजे स्वर मोजणाऱ्या ॲपची, सुई बघते. तिच्यातही गोम आहे, तानपुऱ्यात मिसळणारा शुद्ध गंधार तिच्यावर १४ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरलेला दिसतो, ते मनात धरून वाचावं लागतं. गेल्या आठवड्यात एका नव्या मुलानं पकडलं. "ताई, तुम्ही ऐकून सांगता की बघून?"

दोन्ही, म्हटलं. तू गा, गंधारापासून.